सर्व्हर क्लाउडवर नेला आणि पहाटेचं दूध आदल्या दिवशी गेलं: डेटाबेसमध्ये वेळ साठवायची तरी कशी?

गंगापूररोडवाला | २ एप्रिल २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज डोकं फिरलंय म्हणून धागा काढतो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमची नाशकात तिघांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, साधा संसार. पहिलं गिऱ्हाईक सिन्नरकडचं, दूध संकलनाचं. केंद्रावर दूध मोजलं, फॅट लागलं की पावती निघते आणि नोंद डेटाबेसमध्ये जाते. दर दहा दिवसांनी बिल. चार वर्षं हे सगळं अंबडला आमच्या ऑफिसातल्या एका मशीनवर चाललं होतं. वीज गेली की बोंबाबोंब, म्हणून १५ फेब्रुवारीला, शनिवारी रात्री अकरा वाजता सगळं क्लाउडवर हलवलं आणि शांत झोपलो.

पहाटे पाचला फोन. "साहेब, आजच्या पावतीवर कालची तारीख येतीय, आणि वर 'संध्याकाळ' लिहितंय." नव्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटेचे ४:५० म्हणजे त्याच्या लेखी आदल्या रात्रीचे ११:२०. आमचा कोड दुपारी दोनच्या आधी सकाळ, नंतर संध्याकाळ धरतो. अर्धवट झोपेत काय केलं, तर पावती छापताना वेळेत साडेपाच तास मिळवून टाकले. पावत्या सुधारल्या, मी पुन्हा झोपलो.

२१ तारखेला बिलं निघाली. एका आजोबांनी स्वतःची वही पुढे केली: "१५ तारखेला मी तीनदा दूध घातलं व्हय? आन् आज पहाटेचं दूध ह्या बिलात कसं?" बिलाची क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) कॉलममधली कच्ची तारीखच घेत होती. शिवाय छापताना मिळवलेले साडेपाच तास जुन्या नोंदींनाही लागू झाले. जानेवारीची पावती पुन्हा छापली तर पहाटे पाचचं दूध साडेदहाचं दिसतं.

आता दुसरी कथा. पिंपळगावजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसचं काम आहे. माल रॉटरडॅमला जातो. खरेदीदाराबरोबर दर सोमवारी त्यांच्या सकाळी दहाला कॉल असतो, आपले दुपारचे अडीच. इथे मी शहाण्यासारखं वागलो होतो, वेळ यूटीसीत ठेवली: दर सोमवारी सकाळी ९:००. परवा पाडव्याला, ३० मार्चला, युरोपची घड्याळं एक तास पुढे गेली. मी श्रीखंड खाऊन झोपलेलो. सोमवारी डच माणूस आपल्या दीड वाजल्यापासून वाट बघत बसला, आणि आमच्या सॉफ्टवेअरनं पॅकहाउसच्या मॅनेजरला आठवण पाठवली अडीचला. कंटेनर भरायचा दिवस, त्यात ३१ मार्च. मी काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

तर प्रश्न असा. स्थानिक वेळ ठेवली तर पहिला घोळ, यूटीसी ठेवली तर दुसरा. मग ठेवायचं काय?

सेमीकोलन | २ एप्रिल, रात्री ११:५२

सगळं यूटीसीत ठेवा, फक्त दाखवताना बदला. धागा संपला. झोपा आता.

गंगापूररोडवाला | २ एप्रिल, रात्री ११:५८

सेमीकोलनभाऊ, दुसरी कथा पुन्हा वाचा. कॉल यूटीसीतच ठेवला होता.

जर्सीकर_वहिनी | ३ एप्रिल, पहाटे ५:१५

आधी एक गंमत. तुमचा धागा मला इथे अमेरिकेत दुपारी २ वाजून १० मिनिटांनी काढलेला दिसतोय आणि तुम्हाला रात्री ११:४० ला. संकेतस्थळानं एकच क्षण साठवलाय आणि तो ज्याच्या त्याच्या घड्याळात दाखवलाय. घडून गेलेल्या गोष्टीसाठी सेमीकोलन म्हणतात तेच बरोबर आहे: यूटीसी. दूध मापलं गेलं, पैसे जमा झाले, कुणी लॉगिन केलं. तो क्षण होऊन गेला, आता जगातल्या कुठल्याही सरकारनं काहीही ठरवलं तरी तो हलत नाही.

सोमवारचा कॉल हा क्षण नाही हो, तो वायदा आहे. डच माणसानं "माझ्या भिंतीवरच्या घड्याळात दहा" असा शब्द दिलाय. तुम्ही त्या शब्दाचं यूटीसीत भाषांतर करून मूळ शब्द फेकून दिलात. भाषांतर हिवाळ्यात बरोबर होतं, पाडव्याला चुकलं. वायदा जसा केला तसाच ठेवायचा: सोमवार, १०:००, आणि शेजारच्या कॉलममध्ये 'युरोप/ॲमस्टरडॅम' हे झोनचं नाव.

नाव म्हणतेय, ऑफसेट (यूटीसीपासूनचं तासांचं अंतर) नाही. खूप जण तिथे '+१:००' लिहून मोकळे होतात. ऑफसेट म्हणजे एका विशिष्ट दिवशीचं उत्तर. नावामागे सगळे नियम असतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. अमेरिकेचं वेगळंच, मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला. त्यामुळे या वर्षी ९ मार्च ते ३० मार्च हे तीन आठवडे मी आणि रॉटरडॅम यांच्यात सहाऐवजी पाचच तासांचं अंतर होतं. माझी आई सिडकोत राहते. तिला दर मार्चमध्ये नव्यानं समजवावं लागतं की आता साडेदहा नाही, साडेनऊ तास.

आणि हे नियम कायमचे नसतात, ही खरी मेख. युरोपीय संसदेनं २०१९ मध्ये ही घड्याळं मागेपुढे करायची पद्धत २०२१ पासून बंद करावी म्हणून मतदान केलं होतं, ते अजून अमलात आलेलं नाही. उद्या आलं तर? मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक देशात ही पद्धत बंद केली. इजिप्तनं २०२३ मध्ये बंद केलेली परत सुरू केली. सामोआनं तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला, २९ नंतर एकदम ३१. तुम्ही वर्षभराचे कॉल आधीच यूटीसीत करून ठेवले असतील आणि मध्येच नियम बदलला, तर ते सगळे चुकणार. शिवाय मूळ शब्द फेकून दिल्यामुळे ते परत कसे जुळवायचे हेही कळणार नाही.

सेमीकोलन | ३ एप्रिल, सकाळी ९:०५

वहिनी, मान्य, पण अर्धंच. आठवण पाठवणारा प्रोग्रॅम दर मिनिटाला डेटाबेसला विचारतो, "आता कुणाची वेळ झाली?" त्याला झोनच्या नावांशी काय घेणंदेणं? प्रत्येक ओळीचं गणित दर मिनिटाला करत बसलात तर दहा हजार कॉलना सर्व्हर झोपेल. एक यूटीसी कॉलम लागतोच.

जर्सीकर_वहिनी | ३ एप्रिल, सायंकाळी ६:३०

लागतो की. ठेवा ना. मूळ म्हणजे १०:०० आणि झोनचं नाव. 'पुढचा कॉल यूटीसीत' हा त्यावरून काढलेला, केव्हाही पुसून परत काढता येईल असा कॉलम. एक कॉल झाला की पुढचा काढायचा, झोनची माहिती अद्ययावत झाली की सगळेच पुन्हा काढायचे. सातबारा कुठला आणि त्याची झेरॉक्स कुठली एवढं लक्षात ठेवलं की झालं.

ही झोनची माहिती आयाना या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेकडून येते, वर्षातून काही वेळा नवी आवृत्ती निघते. गंमत अशी की एकाच सर्व्हरवर तिच्या तीन-तीन प्रती असू शकतात. ऑपरेटिंग सिस्टिमची एक, पीएचपीची आपली एक, मायएसक्यूएलच्या टेबलांतली तिसरी. मायएसक्यूएलची टेबलं तर वेगळी भरावी लागतात. भरलीच नसतील तर वेळ बदलणाऱ्या 'कन्व्हर्ट टीझेड' फंक्शनला झोनचं नाव दिलं की ते चूक दाखवत नाही, गुपचूप नल, म्हणजे रिकामी किंमत, देतं.

गंगापूररोडवाला | ३ एप्रिल, सायंकाळी ६:४१

नल!! अहवालातले रिकामे रकाने आत्ता कळले.

पाळीवाला | ३ एप्रिल, रात्री ८:२०

मी प्रोग्रॅमर नाही. सातपूरला कारखान्यात हजेरीचं बघतो, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. आमची तिसरी पाळी रात्री बारा ते सकाळी आठ. १ तारखेच्या तिसऱ्या पाळीचा माणूस घड्याळाप्रमाणे २ तारखेला आत येतो, पण हजेरी, ओव्हरटाइम, उत्पादन सगळं १ तारखेत धरतात. नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यांनी वेळेवरून तारीख काढली आणि महिन्याच्या शेवटच्या रात्रपाळीचा पगार पुढच्या महिन्यात गेला. गेटवर जो काय गोंधळ झाला!

शेवटी आम्ही सांगितलं, बाबांनो, पंचिंगची वेळ तुमची तुम्ही कशीही ठेवा, पण 'हजेरीचा दिवस' आणि 'पाळी' हे दोन रकाने वेगळे द्या, ते सुपरवायझर भरेल. तेव्हापासून भांडण नाही. दुधाचंही तसंच नाही का? दिवस आणि पाळी दूध घेतानाच लिहा, नंतर वेळेवरून ओढून काढायची कशाला?

जर्सीकर_वहिनी | ३ एप्रिल, रात्री ९:०२

पाळीवाले दादा, या धाग्यावरची सगळ्यात कामाची सूचना तुमची आहे. मला इतकी वर्षं हे असं नीट मांडता आलं नव्हतं.

जुनं_घड्याळ | ४ एप्रिल, सकाळी ७:१०

तार ऑफिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वेळेचा विषय निघाला की राहवत नाही. अवांतर वाटलं तर पुढे चला.

तुम्ही 'आपली वेळ' म्हणता ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. नाशिक ७३.८ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटं धरली तर नाशकाची स्वतःची वेळ भारतीय वेळेच्या सुमारे ३५ मिनिटं मागे. म्हणजे गोदाघाटावर सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबारा उलटून गेल्यावर. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली, पण मुंबईनं आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. दुसऱ्या महायुद्धात तर आपली घड्याळं तासभर पुढे होती, यूटीसीपेक्षा साडेसहा तास. तेव्हा भारतात घड्याळ कधी हललंच नाही असं तरुण मंडळी म्हणतात ते काही खरं नाही. १९४५ मध्ये ती परत साडेपाचावर आली, एवढंच.

आणि गंगापूररोडवाले, तुमच्या सर्व्हरला इतकं रागावू नका. आपल्या पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. पहाटे पावणेपाचचं दूध आदल्या वारातच पडायला हवं!

सेमीकोलन | ४ एप्रिल, सकाळी ९:३०

म्हणजे सर्व्हरनं पंचांग वाचलं होतं, बग आपल्यात होता. काका, दंडवत.

खटपट्या | ४ एप्रिल, सकाळी १०:१५

काकांच्या पोस्टमुळे एक जुनं कोडं सुटलं, म्हणून लिहितो. कॉलेजच्या प्रोजेक्टला पायथनमध्ये दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं ॲप केलं होतं. सगळ्या वेळा २३ मिनिटांनी चुकायच्या. साडेपाच तासांनी नाही, तासानं नाही, २३ मिनिटांनी! सर म्हणाले, तुझ्या लॅपटॉपचं घड्याळ चुकीचं आहे. मी लॅपटॉप फॉरमॅट केला.

जर्सीकर_वहिनी | ४ एप्रिल, सायंकाळी ५:४०

हाहा, बिचारा लॅपटॉप. तुम्ही पायटीझेड या वेळेच्या लायब्ररीचा झोन सरळ तारखेच्या 'टीझेडइन्फो' रकान्यात दिला असणार. तसं दिलं की ती लायब्ररी त्या झोनची पहिली नोंद उचलते, आणि आशिया/कोलकाताची पहिली नोंद म्हणजे प्रमाणवेळेच्या आधीची कोलकात्याची स्थानिक वेळ, ५ तास ५३ मिनिटं. साडेपाच वजा केले की २३. पायटीझेडमध्ये 'लोकलाइझ' वापरावं लागतं. आता पायथन ३.९ पासून झोनइन्फो आतच आहे, त्यात हा सापळा नाही.

पोस्टग्रेसप्रेमी | ४ एप्रिल, रात्री १०:०५

मायएसक्यूएलवाल्यांनो, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर या, असं म्हणणार नाही (मनात आहे), पण इथेही खड्डे आहेत.

एक, 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' हे नाव फसवं आहे. त्यात झोन साठवलाच जात नाही. आत जाताना वेळ यूटीसीत जाते, बाहेर येताना सेशनच्या (त्या वेळच्या जोडणीच्या) झोनमध्ये दिसते, मूळ झोन विसरला जातो. वहिनींच्या भाषेतला क्षण ठेवायला उत्तम, वायदा ठेवायला निरुपयोगी. वायद्याला 'विदाउट टाइम झोन' आणि शेजारी झोनच्या नावाचा मजकूर कॉलम.

दुसरा खड्डा मी स्वतः भोगलाय. एका सीएसव्हीत वेळेपुढे 'आयएसटी' (इंडियन स्टँडर्ड टाइम) लिहिलेलं होतं, मी ती तशीच आत घातली. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगप्रमाणे आयएसटी म्हणजे इस्राएल! यूटीसीच्या दोन तास पुढे. सगळ्या नोंदी साडेतीन तासांनी सरकल्या. संक्षेपांसाठी 'इंडिया' नावाचा वेगळा संच आहे, तो लावला की आपली आयएसटी मिळते. जावामध्ये तेच तीन अक्षरी नाव आशिया/कोलकाता धरतात. आयर्लंडवालेही त्यांच्या उन्हाळी वेळेला आयएसटीच म्हणतात. थोडक्यात, तीन अक्षरी नावाला डेटाबेसच्या उंबऱ्यावरच थांबवा.

आणि सेशनला कुणी 'यूटीसी+५:३०' दिलं तर ते उलट धरलं जातं. युनिक्सच्या जुन्या पॉसिक्स पद्धतीत अधिक म्हणजे ग्रीनिचच्या पश्चिमेला. चूक थेट अकरा तासांची.

पंचवटीकर | ५ एप्रिल, दुपारी १२:२०

माझा होमस्टे आहे, बुकिंगचं पान भाच्यानं करून दिलंय. सिंहस्थासाठी २०२७ ची चौकशी आत्तापासूनच चालू आहे, बाहेरच्या देशातूनही. जानेवारीत लंडनच्या ओळखीच्यांकडून त्याच महिन्याच्या तारखांची दोन-तीन बुकिंगं करून बघितली, तारखा बरोबर यायच्या. या सोमवारपासून लंडनहून कुणी १० तारीख निवडली की माझ्याकडे ९ येते. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या बरोबर. भाचा म्हणतो, मी काहीच बदललेलं नाही.

सेमीकोलन | ५ एप्रिल, दुपारी १२:५५

भाचा खरं बोलतोय, लंडन बदललं. ब्राउझरमधला तारखेचा डबा 'दहा तारीख, मध्यरात्र, पाहुण्याच्या घड्याळात' असं धरतो आणि ते यूटीसीत करून पाठवतो. हिवाळ्यातल्या तारखेला लंडनची मध्यरात्र आणि यूटीसीची एकच, म्हणून चाचणी पास. ३० मार्चपासून लंडन तासभर पुढे, म्हणजे त्यांची दहाची मध्यरात्र यूटीसीत नऊची रात्री अकरा. भाच्यानं त्यातली पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून ठेवली असणार.

पंचवटीकर | ५ एप्रिल, दुपारी १:१०

पण मग आपण तर साडेपाच तास पुढे, मुंबईवाल्यांची तारीख का चुकत नाही?

सेमीकोलन | ५ एप्रिल, दुपारी १:२५

चांगला प्रश्न, चुकायलाच हवी होती. भाच्याला विचारा, कुठेतरी साडेपाच तास मिळवलेत का.

पंचवटीकर | ५ एप्रिल, दुपारी २:४०

विचारलं. "भारतातला पाहुणा असेल तर" अशी अट घालून मिळवलेत म्हणे. :)

जर्सीकर_वहिनी | ५ एप्रिल, सायंकाळी ७:१५

राहायला येण्याची तारीख ही नुसती तारीख. तिला ना वेळ, ना झोन. ब्राउझरमधून '२०२७-०८-१०' हा मजकूरच पाठवा, आणि डेटाबेसमध्ये कॉलम नुसत्या 'डेट'चा. चेक-इन दुपारी बाराला, ते नेहमी नाशिकच्या घड्याळात, पाहुणा कुठूनही असो. जन्मतारखेचंही असंच. वाढदिवस एक दिवस आधी येणारी अर्धी ॲप याच कारणानं चुकतात, आपली मध्यरात्र यूटीसीत आदल्या दिवशीची संध्याकाळ साडेसहा होते.

गंगापूररोडवाला | ५ एप्रिल, रात्री १०:३०

आता माझ्या दुधाकडे वळू. टेबलात १५ फेब्रुवारीपर्यंतच्या चार वर्षांच्या नोंदी भारतीय वेळेत, पुढच्या यूटीसीत. कॉलम एकच, डेटटाइम. वेगळं कसं करू? १५ तारीख रात्री अकराच्या आधीच्या नोंदींतून साडेपाच तास वजा करू का?

डेटाहमाल | ६ एप्रिल, सकाळी ८:००

थांब थांब, हात लावू नकोस. आधी बॅकअप.

वेळेवरून सीमा आखलीस तर फसशील. रात्री ११ ला सर्व्हर बदललास तेव्हा नव्याचं घड्याळ १७:३० म्हणत होतं. म्हणजे तुझ्या टेबलात १५ फेब्रुवारीची १७:३० ते २३:०० ही साडेपाच तासांची पट्टी दोनदा आहे. एकदा जुन्या मशीनवरची खरी संध्याकाळ, एकदा क्लाउडवरची रात्र ते पहाटे साडेचार. दोन्हींवर छाप तोच. त्यांच्यात फरक सांगेल असा एकच साक्षीदार उरलाय, तो म्हणजे वाढत जाणारा आयडी. जुन्या मशीनच्या शेवटच्या बॅकअपमधला सगळ्यात मोठा आयडी शोध. तिथपर्यंतच्या नोंदी भारतीय, पुढच्या यूटीसी. दुधाच्या टेबलात त्या पट्टीत फारसं काही नसेल, पहाटे सव्वाचारला कोण मापतंय? पण लॉगिनच्या, दुरुस्त्यांच्या टेबलात नक्की सापडेल.

मग जुना कॉलम पुसू नकोस. शेजारी नवा काढ, त्यात यूटीसी भर. जुन्या नोंदींना सरळ साडेपाच तास वजा चालतील, कारण या चार वर्षांत आपलं घड्याळ हललेलं नाही. डच नोंदींना ही चैन नाही, तिथे झोनच्या नावानंच बदलावं लागेल. आणि ऑक्टोबरात त्या रविवारी तिथे पहाटेचे अडीच दोनदा वाजतात. तेव्हाच्या नोंदी नुसत्या स्थानिक वेळेत असतील तर कुठला अडीच हे देवच जाणे. एक बिल जुन्या-नव्या दोन्ही कॉलमवरून काढून आजोबांच्या वहीशी लाव. जुळलं की जुना कॉलम सोड.

आणखी एक शोध घे: वेळ लिहितंय कोण? डेटाबेसचं 'नाऊ', पीएचपीचं 'डेट', की केंद्रावरचा टॅब? तिघांची तीन घड्याळं असतात. पीएचपीत आशिया/कोलकाता लावलेलं असेल तर तिथून भरलेले कॉलम सर्व्हर बदलूनही भारतीयच राहिले असतील. सरसकट वजा केलेस तर चांगल्याचं वाईट होईल. कनेक्शन उघडताच सेशनचा झोन '+००:००' स्वतः सांग, सर्व्हरच्या मर्जीवर सोडू नकोस.

सेमीकोलन | ६ एप्रिल, सकाळी ९:२०

डेटटाइमऐवजी आधीपासून मायएसक्यूएलचा 'टाइमस्टॅम्प' असता तर कॉलममध्ये ही सरमिसळ झालीच नसती. तो आत यूटीसीच ठेवतो, डम्प घेतानाही यूटीसीतून नेऊन आणतो. डेटटाइमला मायएसक्यूएल हात लावत नाही, लिहिलं ते लिहिलं.

डेटाहमाल | ६ एप्रिल, सकाळी ९:४५

खरंय, पण टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला संपतो. आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आजच त्यात बसत नाही. मी डेटटाइम घेतो आणि कॉलमच्या नावातच 'यूटीसी' लिहितो. कुरूप दिसतं, पण पुढच्या पोराला फोन करावा लागत नाही.

वहीखाते | ६ एप्रिल, सकाळी ११:३०

सीएंच्या ऑफिसात आहे, एकच मुद्दा. १ एप्रिलला पहाटे साडेपाचच्या आत काढलेलं बिल यूटीसीवरून तारीख काढली तर ३१ मार्चचं होतं. आर्थिक वर्ष बदलतं, बिलांची क्रमांकमालिका बदलते, जीएसटीचा महिना बदलतो. या आठवड्यात अशी दोन प्रकरणं टेबलावर आहेत. बिलाची तारीख वेगळ्या कॉलमात ठेवा, हात जोडते.

डेटाहमाल | ६ एप्रिल, दुपारी १२:१०

बरोबर. आणि क्षणावरून एका दिवसाचा अहवाल काढायचाच असेल तर कॉलमला 'डेट' फंक्शन लावू नका, इंडेक्स (झटपट शोधायची सूची) वाया जातो. दिवसाच्या कडा आधी काढा: आपली १ एप्रिल म्हणजे यूटीसीत ३१ मार्च १८:३० पासून १ एप्रिल १८:३० च्या आधीपर्यंत. पहिली कड धरायची, दुसरी नाही. 'बिटवीन' लावलंत तर बरोब्बर साडेसहाची नोंद दोन्ही दिवसांत मोजली जाईल.

खटपट्या | ६ एप्रिल, दुपारी १२:३०

क्रोमला झोन विचारला तर तो 'आशिया/कलकत्ता' सांगतो, फायरफॉक्स 'आशिया/कोलकाता'. माझ्या यादीत एकच नाव होतं, निम्मे वापरकर्ते बाहेर राहिले. दोन्ही नावं एकाच झोनची आहेत, दोन्ही घ्या. बस, एवढंच.

गंगापूररोडवाला | २७ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४:१०

धागा वर काढतोय, राग मानू नका.

दुधाचं काम मे महिन्यातच संपलं. 'संकलनाचा दिवस' आणि 'पाळी' हे दोन रकाने आता केंद्रावरचा माणूस पाळी उघडताना भरतो. मापाचा क्षण वेगळा, यूटीसीत. डेटाहमाल म्हणाले तसा आयडी शोधला. दुरुस्त्यांच्या टेबलात त्या दुहेरी पट्टीतल्या एकोणीस नोंदी निघाल्या, त्यातल्या सहा माझ्याच, सर्व्हर हलवताना केलेल्या. पीएचपीनं भरलेले दोन कॉलम भारतीयच होते, वाचलो. फेब्रुवारीचं बिल पुन्हा काढून आजोबांच्या वहीशी लावलं. एका ठिकाणी फरक आला, तर तिथे वहीतलं गणित चुकलेलं होतं. आजोबांना ते अजून मान्य नाही.

काल युरोपची घड्याळं मागे गेली. दुपारी एकपासून मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. इथे छाटणी चालू आहे, मॅनेजर बागेत. दीड वाजला, काही नाही. सव्वादोनला आठवण गेली, अडीचला कॉल लागला, समोर डच माणूस कॉफी घेऊन हजर. कॉल संपल्यावर मॅनेजरचा फोन: "उन्हाळाभर दीडला होता, आता परत अडीचला का? सॉफ्टवेअर बिघडलं का?"

जर्सीकर_वहिनी | २७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:०५

अभिनंदन! आमची घड्याळं येत्या रविवारी, २ नोव्हेंबरला. या आठवडाभर रॉटरडॅम पुन्हा पाच तासांवर. आईला आजच फोन करून सांगते, नाहीतर सोमवारी ती तासभर आधी फोन लावून बसेल.